तेवीस नंबरचं बी

‘तेवीस नंबरला बी धरलं’ असं इनासने कार्डावर लिहिलं आणि आपण काय करून बसलो हे लक्षात यायच्या आत ते पोस्टाच्या पेटीत टाकलंसुद्धा.

सत्तरी उलटलेल्या माणसाने खोटं बोलताना एवढी हौस करू नये. खोटं तसं जुनंच होतं, सहा वर्षांचं. पण आजवर ते बेताचं होतं.

घोडबंदर रोडच्या आतल्या अंगाला परदेशी झाडांची बाग होती. ब्राझील, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, कुठकुठली झाडं-झुडपं. परक्या मुलखात ती कशी रुजतात, केव्हा फुलतात, याचा अभ्यास गोपीनाथ सर करायचे आणि इनास त्यांच्या नोंदी ठेवायचा. प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर. दर महिन्याला छातीच्या उंचीवर टेप लावून घेर मोजायचा, पालवी, कळी, फूल, फळ लिहायचं आणि पुरावा म्हणून त्या झाडाचं एक पान दाबून जोडायचं. पान नसलं की सर वही परत सरकवायचे. “ह्या गप्पा झाल्या इनास, नोंद नव्हे.”

सर रिटायर होऊन डोंबिवलीला गेले, हृदयाच्या दुखण्याने घरात बसले, तरी नोंदी कार्डावरून जात राहिल्या. दर महिन्याला सरांचं उत्तर यायचं. मग सहा वर्षांपूर्वी, नाताळच्या आठवड्यात, बागेत करवती लागल्या. आठ दिवसांत सगळी झाडं भुईसपाट झाली.

इनास ते कळवायला कार्ड घेऊन बसला, पण हात धजला नाही. सरांचं काळीज असं, त्यात ही बातमी म्हणजे माणूसच जायचा. आणि खरं सांगायचं तर दुसरंही कारण होतं. त्याची बायको जोविटा त्याच वर्षी वारली होती, मुलगा केव्हिन टोरांटोला. कळव्याच्या खोलीत पोस्टमन यायचा तो फक्त सरांचं कार्ड घेऊन. झाडं संपली की कार्डंही संपणार. बाग गेल्याच्या दुःखापेक्षा इनासला ती भीती मोठी होती.

तेव्हा जुनी वही काढून तो दहा-बारा वर्षांपूर्वीच्या नोंदी नव्या तारखेने, घेर तेवढा वाढवून, उतरवू लागला. पानाची पंचाईत झाली असती. पण देवाची करणी बघा, करवती लागायच्या महिनाभर आधीच सरांचं कार्ड आलेलं होतं: ‘यापुढे पानं पाठवू नकोस. तुझा शब्द पुरे.’ त्या कार्डापायी इनासने चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती.

तेवीस नंबर सरांचा लाडका. ब्राझीलहून आलेलं, आपल्या जातीचं एकटंच झाड. दर वर्षी अंगभर फुलायचं, पण बी धरायचं नाही. फुलाफुलावर बसणारा त्याच्या गावचा कीटक इथे कुठून येणार? तीस वर्षं ते असंच फुकट फुलत राहिलं. यंदा सरांना दुसरा झटका आला आणि इनासला वाटलं, द्यावं म्हाताऱ्याला काहीतरी. म्हणून ते बी.

आठवड्याच्या आत उत्तर आलं. ‘रविवारी येतो. मला ते बी बघायचंय.’

रविवारी सरांची मुलगी सुमेधा गाडी घेऊन कळव्याला आली. सर पुढे बसलेले, अंगाने अर्धे झालेले.

“ये रे इनास. वाळलास की.”

“मी नाय सर, तुम्ही वाळलेत.”

सर हसले. इनास मागे बसला. खाडीचा पूल यायच्या आत सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. पूल आला आणि मागे गेला.

“सर, एक बोलायचं होतं.”

“बोल की.”

“बाग आता तशी नाय राहिली. बिल्डिंगी झाल्यात तिकडे.”

“घोडबंदरला दुसरं काय होणार? तेवीसचा घेर किती म्हणालास?”

“एकशे बेचाळीस.”

“आणि बी कसं आहे?”

“काळं. चिंचोक्याएवढं.” जीभ आपोआप चालली. इनासला स्वतःची लाज वाटली.

“चिंचोक्याएवढं,” सर पुटपुटले आणि काचेबाहेर बघत राहिले.

माजिवड्याला गाडी अडकली, मानपाड्याला पुन्हा अडकली. दोन झटके पचवलेल्या माणसाला आता गाडीतून उतरवून सिमेंट दाखवायचं?

“सुमेधा बाय, गाडी बाजूला घे,” तो एकदम म्हणाला. “सर, पुढे जायचं नाय. तिथे काय नाय. सहा वर्षं मी तुम्हाला खोटं लिहितोय. झाडं तोडली सर. सगळी. तेवीस पण.”

सुमेधाने वेग कमी केला. सरांनी छातीवर हात ठेवला नाही की मागे वळून पाहिलं नाही.

“थांबू नकोस,” ते तिला म्हणाले. “पुढच्या सिग्नलला डावीकडे घे. दुसरं गेट. क्लबहाउसच्या मागे पंपरूम असेल, तेवीसच्या जागी.”

बाग होती तेव्हा तिथे ना सिग्नल होता, ना गेट.

“सर, तुम्ही इथे कधी आलेले?”

“कधीच नाही. बिल्डरच्या नकाशात पाहिलंय.”

गाडी दुसऱ्या गेटशी थांबली. क्लबहाउसच्या मागे पंपरूम होती. सरांनी खिशातून इनासचं शेवटचं कार्ड काढून मांडीवर ठेवलं.

“झाडं ठेवायची का, म्हणून त्यांनी माझं मत मागितलं होतं, तुझी पानं बंद केली त्याच महिन्यात,” ते म्हणाले. “‘तीस वर्षांत बी धरलं नाही, राखण्याचं कारण नाही,’ असं लिहून खाली सही मी केली, इनास.”