राहिलेलं प्रकरण

दोन वर्षं ती त्यांच्याकडे जाऊन त्यांना फुकटात पुस्तकं वाचून दाखवायची. आज तिने घराचं दार उघडलं, तर सातही अंध श्रोते एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून दारात हजर!

"अहो, माझा घसा बसलाय, यापुढे जमणार नाही, असं कळवलं होतं ना मी?"

"हो, फोनवर, खणखणीत आवाजात!" सर्वांत पुढचे आजोबा खदखदून हसले. "ताई, आवाजाबद्दल थाप मारायची, तीही आम्हाला? यजमानांची नोकरी गेल्यापासून बस सोडून चालत येत होतात, ती धाप ऐकली नाही का आम्ही?"



"आजपासून वाचन तुमच्याच घरी. सरका, आत येऊ द्या!" मागून मावशी ओरडल्या. "आणि शेवटचं प्रकरण आधी काढा. खून कुणी केला ते कळल्याशिवाय इथून कुणी हलणार नाही!"