डावा हात

आजोबांच्या शोकसभेत काका माईकवर गरजत होते, "अण्णांनी युद्धात आपला उजवा हात देशाला दिला!" टाळ्या पडल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईबाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. याच काकांनी तेव्हा आजोबांना तोंडावर सुनावलं होतं, "एका हाताचा म्हातारा पोर काय सांभाळणार? टाका तिला वसतिगृहात." त्यानंतर बारा वर्षं ते आमच्याकडे फिरकले नाहीत.

"आता नात दोन शब्द बोलेल," असं जाहीर करून काका माझ्या कानाशी पुटपुटले, "लवकर आटप, पाहुण्यांना घाई आहे."

मी माईकसमोर गेले आणि वेणी सोडली. उजवा हात पाठीमागे घेतला. एक पेड दातांत धरून डाव्या हाताने वेणी घालायला लागले, आजोबा माझी घालायचे तशी. ती दोनदा सुटली. लोक चुळबुळ करायला लागले.

"अगं, हा काय तमाशा? बोल की!" काका खेकसले.

तोंडात केस होते, म्हणून बोलले नाही. शेवटची गाठ मारली आणि मग माईक जवळ ओढला.

"आजोबा अशा रोज दोन घालायचे. शाळेला मला एकदाही उशीर झाला नाही. उजवा हात देशाला दिला, ते काकांनी सांगितलंच. डावा कुणाला दिला, ते बघायला काका कधी आलेच नाहीत."