ग्रहण आणि दुधाचा दात

इंदुमती खरातांच्या पत्राला रघुवीर टिल्लूंनी एकवीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्रासोबत लेकीचा दुधाचा दात होता. ‘पोटुशी असताना मी ग्रहणात भाजी चिरली, म्हणून पोर मंद झाली, असं सासरचे म्हणतात. तुम्ही कारखान्याचं पाणी तपासता. खरं काय ते सांगा.’ टिल्लूंना कारखान्याच्या पाण्याचाच संशय होता. पण आपलंच चुकत असेल तर, म्हणून ते गप्प राहिले.

आता टपाल कचेरीतही दात वाचणारं यंत्र होतं. टिल्लूंनी जपून ठेवलेला तो दात तिथं नेऊन दिला.

“आजोबा, उंदरानं परत केला की काय?” यंत्रावरची मुलगी हसली. मग पडद्यावर दाताचे थर उलगडले आणि तिचं हसू मावळलं.

“गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात आईच्या पिण्याच्या पाण्यातून कारखान्याचं रसायन गेलंय. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं, बाळाच्या मेंदूची वाढ अडली. हे बाहेर गेलं तर कारखाना कोर्टात खेचेल हं तुम्हाला.”

“खेचू दे. तिथंही हेच सांगेन.”

यंत्रातून निघालेल्या अहवालाखाली टिल्लूंनी लिहिलं, ‘बाई, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. साक्षीला बोलवा, येतो.’ खाली पूर्ण नाव-पत्ता घातला आणि पाकीट पेटीत टाकलं.