उडत्या मोटारीची तार

दोन हजार साल उजाडलं की मोटारी आकाशात उडणार, असं ठणकावत शर्वरीने सुरतेतल्या मराठी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठ्याची उडती मोटार मांडली होती. वर पंख्याची पाती, पुढे कमानीसारखी वाकवलेली जाड तार. फेब्रुवारीतच उकडायला लागलं होतं, तरी शेजारी उभ्या बाबांच्या गळ्याला मफलर घट्ट गुंडाळलेला होता.

"ही तार कशाला गं?" परीक्षकांनी विचारलं.

"मांजा अडवायला, सर. उत्तरायणला आपल्याकडे आकाशात नुसते पतंगच असतात ना!"

परीक्षक खो खो हसले. "म्हणजे वर जिवाला धोका, हे तूच कबूल करतेस! त्यापेक्षा आपली जमिनीवरची गाडी बरी. काढ ती तार, आणि डोक्यातलं हे खूळही."

"जाऊ दे, बेटा," मफलर आणखी वर ओढत बाबा पुटपुटले.

शर्वरीने तार मुठीत घट्ट धरली.



"तार नाही निघणार. बाबा, तुम्ही तो मफलर काढा, गळ्यावरची खूण दाखवा, आणि सांगा सरांना, गेल्या उत्तरायणला तुमची स्कूटर किती उंचावरून चालली होती!"