डाल्याखालचा पाय

डालं उचललं आणि खालून कोंबडी निघाली.

पुंजाजी जमादारांच्या एका हातात डालं होतं, दुसऱ्या हातात प्लास्टरची पुडी. कोंबडीने अंग झाडलं, त्यांच्या बुटांकडे एकवार तुच्छतेने पाहिलं आणि ती लिंबाच्या झाडाखाली निघून गेली. काल सकाळी जिथे पायाचा ठसा होता तिथे आता ज्वारीचे चार दाणे, पाण्याची कलंडलेली वाटी, उकरून उकरून केलेला चिखल आणि एक अंडं होतं.

"वच्छलाबाई!" जमादार ओरडले. "पोलिसांनी झाकलेलं डालं हाये हे! याच्याखाली कोंबडी काऊन झाकली?"

"डाल्याखाली दुसरं काय झाकतेत, साहेब?" म्हातारी म्हणाली.

पंच म्हणून आणलेल्या दोघांनी तोंडाला उपरणं लावलं.

जमादारांना रडू यायचंच बाकी होतं. महिन्यापूर्वीच ते ठसे उतरवायचं शिक्षण घेऊन आले होते आणि तेव्हापासून अमडापूरच्या आसपास कुणी मनासारखी चोरी करील तर शपथ! परवा रात्री एकदाची झाली. शेषराव पाटलांच्या घरातलं तांब्याचं घंगाळ गेलं. पाटलांची मागची भिंत आणि वच्छलाबाईचं अंगण लागूनच. त्या भिंतीच्या बुडाशी उमटलेला पाय काल सकाळी जमादारांना दिसला, तो चार बोटांचा. आणि करंगळी कुऱ्हाडीने गेलेला माणूस साऱ्या गावात एकच, कचरू. जमादारांनी अंगणातलंच एक डालं ठशावर पालथं घातलं, कचरूला चावडीत बसवलं आणि प्लास्टर आणायला ते स्वतः बुलढाण्याची मोटर धरून गेले.

ठसा एकदा प्लास्टरमध्ये उतरला की कचरू सरळ तुरुंगात जाणार, हे गावाला कळून चुकलं होतं. त्याची बायको पंचफुला कालपासून चावडीच्या पायरीवर बसून होती. घरी चूल पेटली नव्हती.

"पाय त्याचाच हाये, साहेब. पण तो माह्या कामाले आला होता," असं वच्छलाबाईने काल दोनदा सांगितलं होतं. जमादारांनी वहीसुद्धा उघडली नव्हती. "बाई, माणूस खोटं बोलते. पाय खोटं बोलत नाही," असं त्यांनी तिला समजावलं होतं. बोलताना त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

आता पाय नव्हता. पुडी मात्र होती, तीही सरकारी. रिकाम्या हाताने ठाण्यावर जायचं म्हणजे दिवाळीपर्यंत सगळ्यांना हसायला विषय. जमादार गोठ्याच्या ओट्यावर मटकन बसले आणि त्यांनी नाइलाजाने वही उघडली.

"सांगा आता. काय म्हणून राह्यल्या होत्या काल?"

"तेच. चोरीच्या दिवशी दुपारी कचरूनं माह्या गाईचा खुंट रोवून देला. खुंट पक्का बसावा म्हणून बुडाशी दोन बकेटा पाणी टाकलं. ते वाहत गेलं पार भिंतीपावतर. तो त्याच्यातूनच चालला."

जमादार उठले. भिंतीपासून चार पावलांवर नवा खुंट होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला, हलला नाही. बुडाशी चिखल वाळून टणक झाला होता आणि त्यात तोच पाय होता, चार बोटांचा. एक नाही, सहा-सात.

"हा चिखल वाळला कवा?"

"चैताचं ऊन हाये, साहेब. दिवस बुडाच्या आत दगड झाला."

जमादारांनी आपला बूट त्या मातीवर ठेवला आणि सगळा भार देऊन दाबला. काही उमटलं नाही. दुसरा बूट दाबला. तोही नाही. काल सकाळी डालं घालतानाही ठसा असाच टणक होता, हे त्यांना आठवलं. घंगाळ गेलं रात्री, आणि रात्री या मातीत कुणाचा पाय रुतणंच शक्य नव्हतं. पाय खरंच खोटं बोलत नव्हता. तो फक्त दुपारचं सांगत होता, आणि त्याला वेळ विचारायचं यांना सुचलं नव्हतं. जमादारांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

ते पुन्हा ओट्यावर बसले आणि त्यांनी म्हातारीचा सगळा जबाब लिहून काढला, शब्दाला शब्द. मग शाईची डबी पुढे केली. वच्छलाबाईने अंगठा टेकवला आणि उमटलेल्या ठशाकडे कौतुकाने पाहिलं.

"याच्यावर तं भरोसा हाये न तुमचा?"

पंच आता उघडच हसले. जमादारांनाही हसू आलं, आणि आल्यावर बरं वाटलं. त्यांनी एका पंचाला चावडीत पिटाळलं. थोड्याच वेळात तिकडून पंचफुलेचा आवाज आला. कालपासून तिने तोंड उघडलं नव्हतं, आणि आता ती कचरूला भर रस्त्यात शिव्या घालत घरी नेत होती. वच्छलाबाई तो आवाज ऐकत उभी राहिली. तिचा चेहरा निवला.

घंगाळाचा शोध पहिल्यापासून करायचा होता. तरी जमादारांना हलकं वाटत होतं. टोपी घ्यायला ते वळले, आणि गोठ्याच्या कोपऱ्यात त्यांना दुसरं डालं दिसलं. भिंतीला टेकवलेलं, धडधाकट.

"बाई, हे डालं काल कुठं होतं?"

"अठीच."

"रिकामं?"

"हाव."

जमादार तिच्याकडे पाहत राहिले. तिनेही नजर खाली घातली नाही.

"मंग ती कोंबडी..."

"सांगते न," वच्छलाबाई म्हणाली. "लेहून घेता?"

जमादारांनी हातातल्या पेनकडे पाहिलं, त्याला टोपण लावलं आणि ते खिशाला अडकवलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "चहा मांडा."