पूजेबाहेरची पेटी

सासऱ्यांनी पाटावरची पेटी उचलली, उंबऱ्याबाहेर ठेवली आणि हात झटकले.

"हत्यारांत खेळणं न्हाई चालत," गहिनीनाथमामा म्हणाले आणि पाने, जॅक, हातोड्या पुन्हा ओळीत मांडू लागले. खंडेनवमी होती. शिर्डीतल्या त्यांच्या गॅरेजमध्ये आज हत्यारांना हळदकुंकू, झेंडू, नैवेद्य. बॅटरी चार्जिंगच्या मशीनलासुद्धा हार पडला होता. एकदा पुजलेलं हत्यार मग दिवसभर उचलायचं नाही, हा घराण्याचा कायदा.

ती पेटी जयमालेनंच पूजेसाठी पाटावर ठेवली होती. भाकरी थापणं, धुणीभांडी यांना काम कुणी म्हणत नाही, हे तिनं कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण ही पेटी तिची कमाई होती. आत स्कूटरची बॅटरी, बाजूला तऱ्हेतऱ्हेच्या पिना, वर खांद्याला पट्टा. मोबाईल तेव्हा नवे होते. दर्शनाच्या रांगेत ताटकळणाऱ्या मुंबईकरांच्या हातात फोन असायचे, पण त्यांत जीव नसायचा. जयमाला रांगेतच ते चार्ज करून द्यायची.

पेटी सजवलीही होती नवरीसारखी. तिचा नवरा संदीप टुरिस्टची सुमो चालवायचा. ज्या गावी जाई तिथं गाडीचा फोटो काढून आणी, स्वतः मात्र कधी फोटोत नसे. गाडी रामेश्वरच्या समुद्राशी, गाडी उटीच्या घाटात, गाडी ताजमहालाच्या रस्त्यावर. ते सगळे फोटो तिनं पेटीवर चिकटवून वरून वॉर्निश मारलं होतं. लोक पेटी बघायलाच गोळा व्हायचे आणि मामांना नेमकं तेच खुपायचं. गॅरेजवाल्याची सून बायोस्कोप घेऊन हिंडते म्हणून लोक हसतात, असं त्यांचं म्हणणं. हसतील त्यांचे दात दिसतील, हे तिच्या ओठांवर यायचं; पण सासऱ्यांना कोण सांगणार?

तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आत शिरला. बाहेरची 'बॅटरी चार्जिंग'ची पाटी वाचून आला होता, हातात बंद पडलेला मोबाईल. कल्याणचा होता. म्हातारी आई गर्दीत चुकली होती. तिच्या पदराला त्यानं याच फोनच्या नंबराची चिठ्ठी बांधली होती. ती कुठल्यातरी बूथवरून फोन करणार, आणि चार्जर तर घरी राहिलेला.

मामा गांगरले. त्यांचं मशीन ट्रकच्या बॅटऱ्यांचं. त्याला ही एवढीशी डबी लावणार कुठं? आणि लावता आली असती तरी मशीनला कुंकू लागलं होतं. आज आपल्याच्यानं काही होणार नाही, असं त्यांनी सांगितलं तसा तो माणूस मटकन खाली बसला.

जयमालेनं उंबऱ्याबाहेर पेटी उघडली.

"भाऊ, फोन हिकडं द्या. हिला कुनी कुंकू लावल्यालं न्हाई."

पिन बसली. जरा वेळानं फोनचा दिवा लागला. तिघंही त्या दिव्याकडे बघत राहिले. आणि फोन वाजला.

आई बसस्टँडजवळच्या बूथवर होती. जयमालेनं पेटी खांद्याला मारली. पेटीला फोन, फोनला कान लावलेला तो माणूस, अशी वरात भर रस्त्यानं निघाली. दुकानादुकानांतून माणसं बघत होती, पण आज कुणी दात काढले नाहीत. म्हातारी सापडली. लेकानं तिला पोटाशी धरलं तेव्हा जयमालेलाही रडू आवरेना. म्हातारीनं मात्र डोळे पुसले आणि पहिलं काय विचारलं, तर पेटीवरचं हे रामेश्वरच का म्हणून.

ही सगळी हकीकत जयमाला परत यायच्या आत गॅरेजवर पोचली होती. तिनं पेटी उंबऱ्याबाहेर होती तिथंच ठेवली आणि पाणी प्यायला आत गेली.

बाहेर आली तर दारात फोन घेऊन एक हौशी पोरगा उभा, आणि पेटी जागेवर नाही.

"मामा, माझी पेटी कुठंय? गिऱ्हाईक आलंय."

मामांनी वळून पाहिलं नाही. बोटांना लागलेलं कुंकू ते धोतराला पुसत होते.

"उद्या ये म्हनावं त्याला. पुजल्यालं हत्यार आज उचलत न्हाईत, पोरी."