जुनी बाटली कोणती?

जगनच्या घरी त्याच्या नातीने, मनस्वीने, ट्रे टेबलावर ठेवला आणि तिघा म्हाताऱ्यांपुढे तीन-तीन छोटे ग्लास मांडले. आतली बीअर लालसर होती, कोकमाच्या सरबतासारखी.

“मामा, घाई नको,” उदयसिंह म्हणाला. “आधी वास, मग घोट. चेरी घालून लाकडी पिंपात आंबवलेली आहे. बेल्जियममध्ये हिच्या बाटल्या वर्षानुवर्षं मुरत ठेवतात. मी तीन आणल्यात. एक बारा वर्षांची, एक सात, एक तीन. सर्वांत जुनी कुठल्या ग्लासात आहे, ते सांगायचं.”

“आणि जो बरोबर सांगेल त्याला नोकरी,” धर्मराज म्हणाला. “म्हणजे मलाच.”

“मामा असलात म्हणून काही नाही हां.”

उदयसिंह दोन वर्षं बेल्जियममध्ये हा धंदा शिकून आला होता. आता तो तळोज्याला करवंदाची आणि जांभळाची अशीच आंबट बीअर काढणार होता. पिंपं येऊन पडली होती. दर आठवड्याला प्रत्येक पिंप चाखून कुठलं तयार झालं ते सांगायला त्याला माणूस हवा होता. धर्मराज, दिनानाथ आणि जगन, तिघेही लहानपणापासूनचे दोस्त, तिघेही रिकामे.

त्यातल्या दोघांना गंमत हवी होती. जगनला काम हवं होतं. गव्हाणकडचं मिठागर भरावाखाली गेलं, कोन गावात हे नवं घर झालं, पण सकाळी उठून जायचं कुठे, हे काही त्याला सापडलं नव्हतं. चाळीस वर्षं त्याने मिठागरातलं पाणी बोटाने जिभेवर ठेवून, ते पुढच्या वाफ्यात कधी सोडायचं ते सांगितलं होतं. आख्ख्या आगरात त्याचा शब्द चालायचा.

पण दिवाळीत ताप आला आणि चव गेली. मासळी काय, आंबा काय, सगळं भुशासारखं. एकदा बायकोने, हौसाने, मुद्दाम बोंबलाच्या कालवणात मीठच घातलं नाही.

“कसं झालंय?” तिने विचारलं.

“झकास,” जगन म्हणाला.

त्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणालाच नव्हतं. आत्ता ती स्वयंपाकघराच्या दारात पदराशी चाळा करत उभी होती.

जगनने पहिल्या ग्लासातला घोट घेतला.

जिभेच्या कडेला काहीतरी टोचलं. आंबट. कच्चं करवंद दाताखाली फुटावं तसं. पाठोपाठ आठळी चावल्यासारखा कडवटपणा, आणि अगदी शेवटी भिजलेल्या जुन्या होडीच्या लाकडाचा वास. त्याने घोट तोंडातच धरून ठेवला. गिळला तर पुन्हा जाईल, असं त्याला वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी लागत होतं. डोळे भरून आले.

“झोंबली काय रे?” दिनानाथ हसला.

“थोडी.”

त्याने हौसाकडे बघून हळूच मान डोलावली. तिचा हात तोंडावर गेला.

मग त्याने दुसरा ग्लास घेतला. करवंद, आठळी, होडी. तो थबकला. पाणी प्यायला, चुरमुऱ्यांचा बकाणा भरला, पुन्हा पाणी प्यायला आणि तिसरा ग्लास तोंडाला लावला.

करवंद, आठळी, होडी.

पहिल्या घोटाची चव जिभेवर अडकून बसली असणार. जीभ परत आली होती, पण अर्धीमुर्धी. एकदा कळलं, पुढचं काही कळेना.

“तिसरा जुना,” धर्मराज म्हणाला. “कसा मऊ लागतोय बघ. पहिला तर अगदी कोवळा. घशाला ओरबाडतो.”

“कायतरीच!” दिनानाथने दुसरा ग्लास उजेडात धरला. “जुना हा. रंग बघ, उतरलाय. आणि याला मधाचा वास हाय. तिसऱ्याला कुठं हाय मध?”

“तुझ्या नाकाला सर्दी हाय.”

“तुझं नाक तरी कधी चाललंय? लग्नात अत्तर समजून फिनेल लावून आलेलास तू.”

मनस्वी फस्सकन हसली.  उदयसिंह मात्र जगनकडे बघत होता.

“जगनकाका, तुम्ही?”

जगनने तिन्ही ग्लासांकडे पाहिलं. दुसरा किंवा तिसरा. एक बोट पुढे करायचं, बस. दारातून हौसा डोळ्यांनी तेच सांगत होती, कुठलाही सांगा, पण सांगा. पण घरात बायकोला ‘झकास’ म्हणणं वेगळं. कामाच्या पाण्याबद्दल न लागलेली चव त्याने जन्मात कधी सांगितली नव्हती.

“मला तिन्ही सारखेच लागतात,” तो म्हणाला.

“अरे देवा!” धर्मराजने टेबलावर थाप मारली. “याला ताक द्या कुणीतरी!”

“काका, अंदाजाने तरी एक सांगा,” उदयसिंह म्हणाला.

“अंदाजाने पाणी सोडलं असतं तर मीठ झालं नसतं, चिखल झाला असता.” जगन खुर्चीचा हात धरून उठला. “तिन्हींत एकच चव हाय. नखाएवढा फरक नाय. मला जे लागलं ते सांगितलं. आता या दोघांतला एक निवड.”

हौसा दारातून आत वळली.

“बसा, काका,” उदयसिंह म्हणाला. “मनस्वी, आतल्या बाटल्या आण.”

मनस्वीने तिन्ही बाटल्या आणून टेबलावर ओळीने ठेवल्या. आपला तिसरा ग्लास किती वर्षांचा ते वाचायला धर्मराज पुढे वाकला आणि वाकलेलाच राहिला.

एक बाटली रिकामी होती. बाकी दोन्हींची बुचं अजून तशीच घट्ट बसलेली होती.